जुन्नरचा मुक्काम

प्रवासांत माणूस दिवसा किती चालला यापेक्षां तो रात्रीं कोठें टेकला, हीच गोष्ट त्याच्या अधिक दिवस लक्षांत राहते. मराठी भाषेला हें पूर्वींपासून ठाऊक असावें. गाडींतून जाणाऱ्या माणसाला ती 'उतारू' म्हणते. त्याचें नांव जाण्यावरून नव्हे, उतरण्यावरून पडलें आहे. आणि तो जेथें उतरावयाचा ती जागा म्हणजे 'उतारा'. याखेरीज तळ, मुक्काम, बिऱ्हाड, सराई, धर्मशाळा असे किती तरी शब्द या एका गोष्टीभोंवतीं जमलेले आहेत, आणि प्रत्येकाची छटा निराळी आहे. सैन्याचा तळ पडतो, कुटुंबाचें बिऱ्हाड होतें, व्यापारी सराईंत उतरतो आणि यात्रेकरू धर्मशाळेंत. जुन्या गांवांतल्या एखाद्या जुन्या वास्तूंत चार दिवस स्वस्थ राहावें, अशी हौस अलीकडे पुष्कळांना उत्पन्न झाली आहे. थायलंडमधील जिल्ह्याच्या गांवचीं लांकडी हॉटेलें किंवा इराणांतील जुन्या सराया पाहण्यासाठीं नव्हे, तर त्यांत राहण्यासाठीं लोक दूरदूरहून जातात. अशा मुक्कामाचा मुळापासून विचार करावयाचा असेल, तर जुन्नरइतकें शिकविणारें गांव महाराष्ट्रांत क्वचितच आढळेल. परक्या माणसाला निवारा देण्याचा व्यवहार येथें सुमारें दोन हजार वर्षें चालू आहे, आणि त्याचा जमाखर्च, मौज अशी कीं, बराचसा दगडावर कोरलेला आहे.

पुणें जिल्ह्याच्या उत्तर टोंकाला जुन्नर आणि त्याच्या दक्षिणेस आंबेगांव, असे हे दोन तालुके सह्याद्रीच्या कण्याला टेकून बसलेले आहेत. पश्चिमेस कडा तुटलेला, त्याखालीं कोंकण. पूर्वेस हळूहळू उतरत जाणारें देशावरचें पठार. कोंकणांतील कल्याण आणि सोपारें या बंदरांतून माल निघे तो बैलांच्या, गाढवांच्या पाठीवर लादून घाटाच्या पायथ्याशीं येई, आणि नाणेघाटानें वर चढून जुन्नरला व तेथून पुढें पैठणला जाई. चढण संपतां संपतां दोन कड्यांमधील अरुंद खिंडींत एक चौकोनी लेणें लागतें. त्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा शिलालेख आहे. तो इ. स. पूर्वीं पहिल्या शतकांतील मानतात. राजकुळानें केलेल्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व कार्षापणें यांची त्यांत नोंद असून, भारतांतील अगदीं प्राचीन अंक जेथें आढळतात अशा लेखांपैकीं तो एक आहे. समोरच्या भिंतींत राजा सातकर्णि, राणी आणि राजपुत्र यांच्या मूर्ति होत्या. आज त्यांचीं नांवें आणि पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

इतिहासाच्या पुस्तकांत या लेण्याचें वर्णन येथेंच संपतें. पण थकून आलेल्या तांड्याच्या दृष्टीनें पाहिलें, तर लेण्यांतील दगडी बाकांचें आणि खिंडीच्या आसपास कातळांत खोदलेल्या पाण्याच्या टांक्यांचें मोल राजाच्या मूर्तींहून कमी नसावें. ओझें पाठीवर असलेलें जनावर एवढा घाट चढून आलें, कीं त्याला प्रथम पाणी लागतें. आणि सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कितीहि पडो, शिमग्यानंतर पाणी कातळांत सांठविलेलें असेल तरच मिळतें. घाटाच्या तोंडाशीं एक मोठा दगडी रांजण आहे. त्यांत जकातीचीं नाणीं टाकीत, अशी लोकांत समजूत आहे, आणि पाहावयास येणारा प्रत्येक जण त्या रांजणाजवळ उभा राहतो. टांक्यांकडे फारसें कोणी पाहत नाहीं. वास्तविक घाट चालता राहिला तो या टांक्यांच्या जोरावर.

जुन्नर गांवाभोंवतालच्या डोंगरांत, म्हणजे लेण्याद्रि, शिवनेरी, मानमोडी आणि तुळजा येथें मिळून दोनशेंहून अधिक खोदकामें आहेत. त्यांतील विहार हे बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठीं होते. वर्षाकाळांत भिक्षूंनीं भ्रमंती थांबवून एके ठिकाणीं राहावें, असा त्यांचा नियम. आणि ज्यानें या भागांतील आषाढ पाहिला आहे, त्याला हा नियम समजावून सांगण्याची गरज नाहीं. लेण्याद्रीवर गिरिजात्मज गणपतीचें म्हणून जें देवालय आज प्रसिद्ध आहे, तो मूळचा असाच एक विहार. मधें एकहि खांब नसलेलें विस्तीर्ण दालन, आणि तिन्ही बाजूंना लहान लहान वीस खोल्या. जुन्नरच्या विहारांतून अशा कित्येक खोल्यांत दगडाचाच ओटा कोरून ठेवलेला दिसतो, एक माणूस आडवा होईल एवढा. लांबी नाहीं, रुंदी नाहीं, थाट तर नाहींच. पण उन्हाळ्यांत दुपारीं त्या खोलींत पाऊल टाकतांच थंडावा अंगाला लागतो, आणि पावसाळ्यांत बाहेर धारा कोसळत असतां आंत कोरडें राहतें. ज्यानें हें खोदलें त्याला हवेचें आणि दगडाचें वर्म कळलें होतें.

हीं लेणीं म्हणजे व्यापाऱ्यांच्या धर्मशाळा होत्या, असें म्हणणें धाडसाचें होईल. तथापि तीं खोदण्याचा खर्च कोणीं केला हें वाचलें, म्हणजे वाटेचा आणि विहाराचा संबंध लक्षांत येतो. जुन्नरच्या एका लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें, म्हणजे आजच्या भाषेंत त्यांच्या संघानें, सात खोल्यांचें लेणें आणि पाण्याचें टांकें दान दिल्याची नोंद आहे. महाक्षत्रप नहपान याचा अमात्य अयम यानें ४६ व्या वर्षीं एक मंडप आणि एक टांकें करविलें. पुष्कळ विद्वान् तें शकाचें वर्ष धरतात, म्हणजे इ. स. १२४ च्या सुमाराचें. पण यांहून लक्ष वेधून घेतात ते शिवनेरीवरील दोन यवनांचे लेख. इरिल नांवाच्या यवनानें दोन टांकीं दिलीं, आणि चिट नांवाच्या यवनानें संघासाठीं भोजनमंडप दिला. हे यवन म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या, किंवा तशा वंशांतील लोकांपैकीं असावेत. परक्या मुलखांत जो स्वतः पाहुणा, त्यानें तेथल्या लोकांना जेवावयास बसण्याची जागा बांधून द्यावी, हा प्रकार मोठा विलक्षण आहे. खोली आणि पाणी, मंडप आणि पाणी, अशी ही जोडी लेखामागून लेखांत येते. पाण्यावांचून निवारा देण्यांत अर्थ नाहीं, हें दात्यांना पक्कें ठाऊक होतें.

यानंतर पुष्कळ शतकें लोटलीं. विहार ओस पडले, राज्यें बदललीं. जुन्नर मात्र वाटेवरचें गांव म्हणून टिकून राहिलें. बहामनी सुलतानांच्या अमलांत, इ. स. १४७० च्या सुमारास, येथें एक पाहुणा उतरला. त्याचें नांव अफनासी निकितिन. रशियांतील त्वेर गांवचा हा व्यापारी. व्होल्गा नदीनें खालीं येत असतां आस्त्राखानजवळ त्याचा माल लुटला गेला. रित्या हातानें घरीं जावें तर कर्ज फेडावयाचें कसें? म्हणून तो इराणांतून होर्मुझ बंदराला पोंचला, एक घोडा विकत घेतला आणि गलबतांत बसून चौलला उतरला. दख्खनेंत चांगल्या घोड्याची पैदास होत नाहीं, म्हणून तेथें घोड्याला मोल फार येतें, हें त्यानें ऐकलें होतें. सारी मदार त्या एका जनावरावर. चौलहून पालीपर्यंत ८ दिवस, तेथून उमरीपर्यंत १० दिवस आणि पुढें जुन्नर, अशी त्यानें वाटचालीची नोंद केली आहे. आज मोटारीनें कांहीं तासांत होणारा हा प्रवास त्याला तीन आठवड्यांहून अधिक पुरला.

तो जुन्नरला आला आणि पाऊस लागला. रात्रंदिवस चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. त्याच्या देशांत जसा हिंवाळा घरांत बसून काढतात, तसा हा येथल्या लोकांचा हिंवाळा, अशी त्यानें स्वतःची समजूत करून घेतली आणि दोन महिने तो येथें राहिला. याच दिवसांत लोक नांगरतात आणि पेरतात, याचें त्याला नवल वाटलें. घोड्यांना येथें हरभरा चारतात, साखर आणि तेल घालून खिचडी शिजवून देतात, असेंहि तो सांगतो. ज्याचें सर्वस्व घोडा, त्याची नजर आधीं तोबऱ्याकडे जावयाचीच. गांवाविषयीं तो म्हणतो, कीं तें एका खडकाच्या बेटावर आहे, त्याची तटबंदी माणसानें नव्हे तर देवानें केली आहे, आणि वर जाण्याची वाट इतकी चिंचोळी कीं तीवर दोन माणसें शेजारीं चालूं शकत नाहींत. हें वर्णन शिवनेरीला चांगलें लागू पडतें.

येथल्या उताऱ्याच्या पद्धतीविषयींहि त्यानें थोडक्यांत लिहिलें आहे. परमुलखांतून आलेले व्यापारी उतारघरांत उतरतात, तेथें घराची मालकीण पाहुण्यांसाठीं स्वयंपाक करते आणि त्यांचीं अंथरुणें घालते, असा त्याचा मतितार्थ. हें वाचून त्या घराचें चित्र मनापुढें उभें करतां येतें. परसांत तबेला, पुढें ओसरी, चुलीवर भात शिजत असलेला, आणि निरनिराळ्या भाषा बोलणारे चार-दोन सौदागर पावसाकडे पाहत बसलेले. एवढें सारें मिळूनहि एक गोष्ट या घराला देतां येत नव्हती, ती म्हणजे अभय.

जुन्नरचा अधिकारी त्या वेळीं असदखान होता. पदरीं हत्ती-घोडे असतांहि तो माणसांच्या खांद्यावरून मिरवतो, असें निकितिननें लिहिलें आहे. हा पाहुणा मुसलमान नसून रशियन ख्रिस्ती आहे, हें कळतांच खानानें त्याचा घोडा ओढून नेला, आणि सांगून पाठविलें कीं, आमचा धर्म स्वीकारशील तर घोडा परत मिळेल आणि वर एक हजार मोहरा मिळतील; नाहीं तर घोडा गेला, आणि हजार मोहरा उलट दंडाच्या द्याव्या लागतील. मुदत चार दिवसांची. परत जावयास वाट नाहीं, घाटांतून पूर वाहत आहेत, भाषा येत नाहीं, ओळखीचें माणूस नाहीं. त्या चार रात्रीं उतारघराच्या मालकिणीनें अंथरूण घातलें असेलहि. पण त्यावर झोंप आली असेल असें वाटत नाहीं.

सुटका झाली ती एका मुसलमान गृहस्थाच्या हातून. खोजा महंमद नांवाचा एक खुरासानी तेवढ्यांत जुन्नरला आला. निकितिननें त्याच्यापुढें डोकें टेंकून विनवणी केली. तो घोड्यावर बसून खानाकडे गेला, त्यानें रदबदली केली, धर्माचा हट्ट सोडावयास लावला आणि घोडाहि परत आणला. थोड्याच दिवसांत, ऑगस्ट महिन्यांत, निकितिन जुन्नरहून बेदरच्या वाटेला लागला. पुढें मायदेशीं परततांना, घर गांठण्यापूर्वींच, स्मोलेन्स्कजवळ त्याला मृत्यु आला. त्याची वही मात्र राहिली. 'तीन समुद्रांपलीकडील प्रवास' या नांवानें ती रशियांत प्रसिद्ध आहे, आणि १९५७ सालीं तिच्या आधारानें भारत व रशिया यांनीं मिळून 'परदेसी' हा चित्रपटहि काढला. जुन्नरच्या लोकांना मात्र आपल्या गांवीं पावसाळा काढून गेलेल्या या पाहुण्याची माहिती थोडीच असते.

पुढें दोनशें वर्षांनीं, १६७५ सालीं, जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य जुन्नरला आला. शिवनेरी तेव्हां मोगलांकडे होती आणि तेथल्या अधिकाऱ्यानेंच त्याला बोलावून आणलें होतें. त्याचीहि वाट सुखाची नव्हती, परंतु अधिकाऱ्याचा पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला गांवांत कोणी अडविण्याचा प्रश्न नव्हता. किल्ल्यावर हजार कुटुंबांना सात वर्षें पुरेल एवढी शिधासामग्री आहे, अशी नोंद तो करून गेला. बोलावलेला पाहुणा कोठारें पाहून येतो. न बोलावलेल्याला खिचडी आणि तोबरा दिसतो. दुसऱ्याची वही अधिक वाचनीय, हें कबूल करावें लागेल.

आंबेगांव तालुक्यांतील मुक्कामाची रीत निराळी, कारण तेथें जाणारा माणूस मुख्यतः भीमाशंकरचा यात्रेकरू. भीमा नदीच्या उगमाशीं, घनदाट रानांत हें ज्योतिर्लिंग आहे. कोंकणांतून शिडीच्या घाटानें धापा टाकीत येणारे आणि देशावरून घोडेगांवच्या वाटेनें येणारे असे दोन्हींकडचे लोक तेथें मिळतात. अशा क्षेत्राच्या ठिकाणीं धर्मशाळेंत किंवा पुजाऱ्यांच्या घरीं उतरण्याचा परिपाठ आहे. धर्मशाळेची मांडणी ज्यानें एक पाहिली त्यानें सर्व पाहिल्या: मधें मोकळा चौक, भोंवतीं ओवऱ्या, कोपऱ्यांत विहीर किंवा हौद. शिधा आपला, भांडीं आपलीं. तीन दगड मांडून चूल पेटवावयाची. धर्मशाळा पाहुण्याला फक्त छप्पर, पाणी आणि इतर पाहुण्यांची सोबत देते. पण ही सोबत म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हे. निकितिनला जें चार दिवस मिळालें नाहीं, तें यात्रेकरूला ओवरींत शिरल्याबरोबर मिळतें. जातां जातां एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्या गांवावरून आंबेगांव तालुक्याला नांव मिळालें, तें जुनें आंबेगांव आज घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखालीं आहे. तालुक्याची कचेरी घोडेगांवीं आहे. नांव मात्र बुडालेल्या गांवाचें चाललें आहे.

इंग्रजी अमलांत डाकबंगले आले. उंच जोतें, जाड भिंती, भोंवतीं रुंद पडवी, आणि खानसामा. साहेबाच्या सोयीसाठीं बांधलेले हे बंगले हवेशीर होते यांत शंका नाहीं. पण गांवापासून ते मुद्दाम फटकून बांधलेले असत. तेथें उतरलेल्या माणसाला गांवाचा आवाज ऐकूं येत नसे, आणि गांवालाहि त्याची खबर नसे.

आतां आजच्या काळाकडे वळूं. २०१८ सालीं महाराष्ट्र सरकारनें जुन्नर तालुक्याला विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून मान्यता दिली. ओझर आणि लेण्याद्रि हीं अष्टविनायकांचीं दोन स्थानें, शिवरायांचें जन्मस्थान शिवनेरी, नाणेघाट आणि माळशेज घाट यांमुळें लोकांचा ओघ आधींपासून होताच. ओझरला भक्तनिवास आहे, पुणें-नाशिक रस्त्यावर नवीं हॉटेलें आहेत, मळ्यामळ्यांतून शेतावर राहण्याची सोय झाली आहे. यांत तक्रार करण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र जुन्नर गांवांतील जुने वाडे, घडीव दगडाचें जोतें, लांकडी खांब, ओसरी, माजघर आणि चौक असलेले, एकामागून एक उतरविले जात आहेत. चार भावांच्या वांटण्या झालेल्या घरांत एकाला दुरुस्ती परवडते, तिघांना परवडत नाहीं. शेवटीं जागा विकण्याचा मार्ग सर्वांना सोपा वाटतो. अशा वाड्यांपैकीं दोन-चारांत जरी पाहुणे ठेवण्याची व्यवस्था झाली, तर दुरुस्तीचा खर्च त्यांतूनच निघूं शकेल. स्नानगृह नवें करावें, वीज आणावी, गाद्या बदलाव्या. त्यानें वाड्याचें कांहीं बिघडत नाहीं. चौकावर पत्रा टाकला कीं मात्र बिघडतें. चौकांतून वर चढणारी ऊन हवा बाहेर जाते आणि ओसरीवरची थंड हवा आंत ओढली जाते, ही त्या घराची सारी युक्ति. ती बुजविली म्हणजे उरतात त्या काळोख्या खोल्या, आणि मग यंत्रानें थंडावा विकत घ्यावा लागतो.

लेण्यांत मुक्काम करण्याचा मोह मात्र आवरावयास हवा. नाणेघाटच्या लेण्यांत गिर्यारोहक मंडळी कित्येक वर्षें रात्र काढीत आली. दोन हजार वर्षांपूर्वीं तेथें टेकणें योग्यच होतें. पण आज त्या भिंतीवरील अक्षरें झिजत चाललीं आहेत, आणि चुलीचा धूर व हात यांनीं तीं लवकर जातील. त्याची गरजहि उरलेली नाहीं. नाणेघाट जुन्नरपासून सुमारें ३० किलोमीटरवर आहे, आणि त्याच्या अलीकडे, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशीं, घाटघर हें गांव लागतें. भातशेतीचें लहानसें गांव. आधीं निरोप पाठविला तर तेथील घरांतून पाहुण्यांची सोय होते. पावसाळ्यांत संध्याकाळीं चिखलानें भरलेले पाय घेऊन माणूस अंगणांत येतो, तेव्हां घरची बाई आधीं पाण्याची कळशी पुढें करते. मग तांदळाची भाकरी आणि कांहीं तरी तिखट कालवण होतें. आणि जेवणें आटोपलीं कीं ओसरीवर, भिंतीच्या कोरड्या बाजूला, पाहुण्याचें अंथरूण पडतें.